तारीख नसलेला बर्फ

तोर्नियोच्या जलमापन कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
हा ट्रिगर मी लिहिला त्याला पंधरा हिवाळे झाले.
नदीवरच्या बर्फाची जाडी, दर दहा मिनिटांनी एक ओळ.
सगळ्या ओळी एकाच तक्त्यात होत्या तेव्हा
मार्चमधला एखादा दिवस मागावा
आणि कॉफी गाळून, पिऊन, कप विसळून परत यावं,
तरी पडदा पांढराच.

मग महिन्यागणिक वाटण्या केल्या.
आईतक्ता वर, रिकामा.
ओळ आली की ट्रिगर तिला उंबऱ्यावर अडवतो,
तारीख विचारतो,
तारखेतून घराचं नाव जुळवतो.
नाव आधी ठाऊक नसतं,
म्हणून वाक्यही आधी लिहून ठेवता येत नाही.
ते उभ्या उभ्या शिवायचं आणि चालवायचं.
घरच नसेल तर आधी घर.
शेवटी आईला कळवायचं, तुझ्याकडे कुणी आलं नाही.
मोजणीत शून्य ओळी.
तरी तिला विचारून बघा,
ती सगळ्यांचं सगळं सांगते.

आमच्या भाषेत महिना आणि चंद्र हा एकच शब्द.
फेब्रुवारी मोत्याचा, नोव्हेंबर मेलेला.
मेलेल्या चंद्राच्या पहिल्या मध्यरात्री
कुक्कोलाहून एक ओळ आली, पेल्लोहून एक,
दोघींना घर दिसलं नाही,
दोघींनी एकाच क्षणी पाया खणायला घेतला.
एकीला उत्तर मिळालं: घर आहे की.
ती बिचारी बाहेरच गारठली.
तेव्हापासून मी ती चूक गिळायला शिकवलं,
आहे ना, मग शीर आत.

ओइवा पालोयार्वी गेला त्या वसंतात
साइमी, त्याची मुलगी, माशांच्या खोक्यातून
चाळीस हिवाळ्यांच्या वह्या घेऊन आली.
वह्यांना अजून धुराचा वास.
वेलदोड्याचा पाव कुरतडत मी एकेक पान चढवत गेले.
'तराजूचा' या आमच्या शब्दाच्या पोटात
एकेरी अवतरणासारखी एक टिकली असते.
ओइवाच्या शेऱ्यात ती आली
आणि माझ्या वाक्याला वाटलं, आपण संपलो.
उरलेला शेरा उघड्यावर पडला,
यंत्र त्याला हुकूम समजून वाचू लागलं.
दोष त्याचा नव्हता.
माणसाचे शब्द वाक्यात शिवायचेच नसतात,
जागा सोडायची, आणि चालवताना हातात द्यायचे.
हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

मग शेवटची वही.
अक्षर वाकडं, पेन्सिल बोथट.
"एक्केचाळीस सेंटिमीटर. आज बर्फ बोलत होता."
तारीख नाही.

शून्य असतं तर चाललं असतं.
शून्य म्हणजे भोक पाडलं, पट्टी घातली, खाली पाणी.
नल म्हणजे कुणी विचारलंच नाही.
आणि नल एका टाक्यात जरी आला
तरी अख्खं वाक्य नल होतं,
बर्फ, साल, महिना, एक्केचाळीस, बोलणं, सगळं.
ट्रिगर म्हणाला, चालवायला काहीच दिलेलं नाही.

मी साइमीला फोन केला.
ती म्हणाली, बाबा जानेवारीत इस्पितळात होते,
म्हणजे डिसेंबर असेल,
पण मार्चमध्ये एकदा पळून घरी आले होते,
भोकं पाडायचा गिरमिट ओला सापडला होता दारामागे.
थोडा वेळ दोघी गप्प.
मग ती म्हणाली, तुम्हीच टाका काहीतरी.

मी डिसेंबर लिहिला. खोडला.
मार्च लिहिला. तोही.
संध्याकाळी तीनलाच अंधार पडला होता,
खाली कोपऱ्यावर बर्फ ओढणारी गाडी मागे येताना किंचाळत होती.
ट्रिगरमध्ये दोन ओळी वाढवल्या:
तारीख नसेल तर अडवू नकोस.
एक वेगळं घर बांधलं,
नावात साल नाही, चंद्र नाही.

त्यात अजून एकच ओळ आहे.
आईला सगळा बर्फ तारखेप्रमाणे मागितला
की चाळीस हिवाळे वाहून जातात,
कालचे दहा-दहा मिनिटांचे आकडेही जातात,
आणि सगळ्यांच्या मागून
ओला गिरमिट घेऊन
एक्केचाळीस सेंटिमीटर येतात.